विसरायला शिकवण्याची नोकरी

मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिका मला फोनवर म्हणाल्या, "ताई, तुम्ही परदेशी पाहुण्यांसोबत काम केलं आहे ना, त्याचे छान गोड अनुभव लिहून द्या." मी म्हटलं, गोडच पाहिजे असेल तर करंज्यांची कृती देते. अनुभव पाहिजे असतील तर जसे आहेत तसे घ्यावे लागतील. त्या हसल्या. मी गंमत करून राहिले असं त्यांना वाटलं.

आधी माझं सांगते. वडील रेल्वेत होते. वर्ध्याहून रायपूरला बदली झाली आणि आम्ही इथलेच झालो. एकतीस वर्षं मी इथल्या शाळेत गणित शिकवलं, आणि त्यात इतक्या पोट्ट्यांना नापास केलं की भाजीबाजारात अजूनही कोणी ना कोणी मला बघून मान फिरवतं. निवृत्त झाल्यावर चार महिने घरी बसले. मी दिवसभर चुका काढते म्हणून मुलगा हात जोडून म्हणाला की कुठंतरी नोकरी बघ. हे तो हिंदीत म्हणाला. त्याला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच देतो. बोलणी आपल्याला नाहीत असं दाखवायला ते बरं पडतं.

तेलीबांध्याच्या तलावासमोर तिसऱ्या मजल्यावर एका संस्थेचं ऑफिस होतं. तिथं मी समन्वयक म्हणून लागले. समन्वयक म्हणजे काय हे विचाराल तर सांगते. परदेशातून हौशी लोक चार आठवड्यांसाठी यायचे आणि अभनपूरच्या पुढच्या एका गावात, सरकारी प्राथमिक शाळेत, पोरांना इंग्रजी शिकवायचे. त्यांना विमानतळावरून आणायचं, मच्छरदाणी लावून द्यायची, रोज गाडीत घालून शाळेत न्यायचं, फोटो काढायचे आणि शेवटी अहवाल भरायचा, हे माझं काम. पहिल्या आठवड्यात ही मंडळी गाईपासून गटारापर्यंत सगळ्याला सुंदर म्हणतात. दुसऱ्यात आईला फोन करून सांगतात की मी इथंच राहणार. तिसऱ्यात पोट बिघडतं. चौथ्यात पोरांच्या गळ्यात पडून रडतात. हे इतकं ठरलेलं असायचं की इलेक्ट्रॉलची पाकिटं मी तिसऱ्या सोमवारी काढून ठेवायची आणि हातरुमाल चौथ्या शुक्रवारी.

शाळेत पाच वर्ग आणि गुरुजी एक. इंग्रजीला सकाळचे दोन तास पाहिजे होते. ते दोन तास गणिताचे होते. गुरुजींना गणिताचा कंटाळा, मला वेळापत्रक बसवायची घाई, म्हणून ते तास मीच इंग्रजीला देऊन टाकले. एकतीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईनं दिले. तेव्हा काहीच वाटलं नाही, आता लिहिताना वाटतं.

खरी भानगड पाहुण्यांच्या चौथ्या तुकडीच्या वेळी झाली. एक पोरगी आली, गोड होती बिचारी. पहिल्याच दिवशी तिनं फळ्यावर लाल रंगाचा गोळा काढून विचारलं, हा कोणता रंग? पोरांनी लाल तर सांगितलाच, पण न विचारता उरलेले अकरा रंगही सांगितले. नाव, वय, डोकं, खांदे, गुडघे, जंगलातले प्राणी, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. आधीच्या तीन तुकड्यांनी तेच शिकवलं होतं, दुसरं कोणाला काही येतच नव्हतं. पोरगी आठ दिवसांत परत गेली. माझी इथं गरजच नाही, असं तिनं तिकडे लिहून कळवलं. संस्था पाहुण्यांच्या पैशावर चालायची, आमच्या संचालकांचं धाबं दणाणलं. ते मला म्हणाले, दीदी, कुछ कीजिए.

मग मी केलं. नवी तुकडी यायच्या आदल्या दिवशी शाळेत जायचं आणि पोरांना सांगायचं की उद्यापासून तुम्हाला इंग्रजी येत नाही. गुरुजी ह्याला पाटी पुसणे म्हणायचे. मी गणितवाली, काम अर्धवट करणार नाही. पहिल्या दिवशी नाव विचारलं तर सगळे गप्प. दुसऱ्या दिवशी दोघांनी सांगायचं, तेही अडखळत. चौथ्या दिवशी अर्ध्या वर्गानं, आठव्या दिवशी सगळ्यांनी. प्रगतीचा आलेख असा चढायचा की संचालक तो भिंतीवर लावायचे. खोटं काहून बोलू, मला त्याचा अभिमान वाटायचा.

ह्या नाटकातली पहिल्या नंबरची नटी म्हणजे फुलेश्वरी. पाचवीत होती. इतकं छान विसरायची की बघत राहावं. नाव विचारलं की भुवया वर, नजर छपराला, बोट तोंडात, आणि सहाव्या दिवशी नाव आठवलं की असं हसायची की समोरचा पाहुणा गहिवरून जायचा. दर वेळी आधी येऊन मला छत्तीसगढीत विचारून घ्यायची, मैडम, ए बार कतका दिन भुलाना हे? ह्या वेळी किती दिवस विसरायचं, एवढं एकदा कळलं की झालं. तिला गावात राहायचं नव्हतं. बापानं सांगून ठेवलं होतं की सहावीला निवासी शाळेत नंबर लागला तर शीक, नाही लागला तर घरी बसून भावाचं लेकरू सांभाळ. त्या शाळेची परीक्षा त्याच हिवाळ्यात होती. पोरीला इंग्रजी येतं, म्हणजे लागेलच नंबर, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. परीक्षेत निम्मा पेपर गणिताचा असतो हे मला माहीत होतं. माहीत होतं आणि मी गप्प होते.

पंधराव्या खेपेला मार्गिट आली. एकटीच, डेन्मार्कहून, वय सहासष्ट. अर्जात एक प्रश्न असायचा, तुम्हाला हे काम का करायचं आहे? लोक तिथं दोन-दोन पानं लिहायचे, जगाचं भलं, मनाचा शोध वगैरे. हिनं लिहिलं होतं, माझी मांजर मेली आणि घरात करण्यासारखं काही उरलं नाही. मी तो अर्ज ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवला आणि आम्ही सगळे हसलो.

ती आयुष्यभर वाहन परवान्याची परीक्षा घेणारी बाई होती. शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसायचं, कागदावर खुणा करायच्या आणि शेवटी पास की नापास सांगायचं. विमानतळावरून निघालो तेव्हा ती मागं माझ्याजवळ बसलीच नाही, पुढं आमच्या ड्रायव्हरशेजारी बसली. संतोष भैया नवा रायपूरच्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर एका हातानं गाडी चालवायचा आणि दुसऱ्या हातात मोबाइल. दहा मिनिटांनी तिनं गाडी बाजूला घ्यायला लावली आणि शांतपणे त्याला नापास केलं. संतोषला इंग्रजीचा एक शब्द कळला नाही, पण अर्थ कळला. त्यानंतर चार आठवडे तो दोन्ही हातांनी गाडी चालवत होता, आणि ती जाताना सगळ्यांत जास्त सुटल्यासारखा दिसला तो तोच.

पाहुण्यांच्या फ्लॅटची मोटर जळली होती, म्हणून मी तिला घरी ठेवून घेतलं. पहिल्या दिवशी मुद्दाम पातोडीचा रस्सा केला, तिखट. एरवी पाहुणे दोन घासांत रडायला लागतात आणि तरी छान छान म्हणतात. हिनं वाटी संपवली आणि सांगितलं की बेसन चांगलं शिजलं आहे, तेल फार आहे. माझ्या रश्श्यात तेल फार आहे असं लग्नानंतर कोणी बोललं नव्हतं. मला राग आला. दुसऱ्या दिवशी मी तेल कमी घातलं. मग तिनं सांगितलं की आता बरोबर आहे, आणि मला इतकं बरं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली.

संध्याकाळी आम्ही दोघी गॅलरीत चहा घेऊन बसायचो. बोलणं इंग्रजीत, तिचंही मोडकं, माझंही. ती मला नुसतं शीला म्हणायची. मला मॅडम, काकू, दीदी, ताई म्हणणारे पुष्कळ, शीला म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. आमचा एकच आवडता विषय, आपण कोणाकोणाला नापास केलं. तिनं एका पाद्र्याला पाच वेळा केलं होतं. मी आमच्या नगरसेवकाच्या मुलाला दोनदा. सहाव्या वेळी पाद्री पास झाला का, असं मी विचारलं तर म्हणाली, सहाव्या वेळी तो सायकलवर आला. आम्ही दोघी इतक्या हसलो की सून बघायला आली. आयुष्यभर लोकांना नको असलेलं सांगणाऱ्या दोन बाया एकमेकींना भेटल्या होत्या, दुसरं काही नाही.

शाळेत मात्र ती बसली तिच्या धंद्याप्रमाणे, नजर पोरांच्या चेहऱ्यावर आणि हातात कागद. पहिल्या दिवशी नाव विचारलं, सगळे ठरल्याप्रमाणे गप्प. दुसऱ्या दिवशी दोघं अडखळले. तिसऱ्या दिवशी ती फळ्यावर निळा गोळा रंगवता रंगवता, आवाज न चढवता, हात न हलवता, इंग्रजीत म्हणाली, तुमच्या मागच्या भिंतीवर एक पाल आहे. अख्खा वर्ग गर्रकन मागं वळला. वळले नाहीत ते फक्त गुरुजी.

 गाडीत तिनं सांगितलं की परवाना नसताना वर्षानुवर्षं गाडी चालवणारे लोक परीक्षेला येतात आणि पहिल्यांदाच बसलोय असं दाखवतात. तोंडानं सगळं विसरतात, पण पाय आपोआप क्लचवर जातो. तिनं विचारलं, हे ह्यांना कोणी शिकवलं? इतके लोक येऊन गेले, एकाच्याही लक्षात आलं नाही असं मला वाटत होतं, त्यामुळे कबूल करायला मला तलाव येईपर्यंत वेळ लागला. मी म्हटलं, मी. ती चिडेल असं मला वाटलं. तिनं फक्त विचारलं की तू शाळेत कोणता विषय शिकवायचीस? मी म्हटलं, गणित. मग तिनं आणखी एक विचारलं, ह्या दोन तासांत आधी काय चालायचं? मी संतोषला उगाच वळण दाखवायला लागले. तिला उत्तर कळलं.

दुसऱ्या दिवशी तिनं फळ्यावर चौऱ्याऐंशी भागिले चार असं लिहिलं आणि खडू फुलेश्वरीच्या हातात दिला. फुलेश्वरी उभी राहिली आणि खाली बघत राहिली. मला वाटलं, झालं, पोरगी नाटक करून राहिली. मी दरडावून म्हटलं की हे विसरायचं नाही, हे इंग्रजी नाही. मार्गिटनं माझ्या दंडावर हात ठेवला. म्हणाली, "ही आता छपराकडे बघत नाहीये, शीला. हे खरं आहे."

आणि फुलेश्वरी माझ्याकडे बघून हळूच बोलली, "एला भुलाय नइ हंव, मैडम. एला तो कोनो सिखायेच नइ हे."

हे मी विसरले नाही, हे तर कोणी शिकवलंच नाही.  एकतीस वर्षांत पोरांची खोटी कारणं मी उभ्या उभ्या ओळखली होती, आणि आता खरं अज्ञान समोर उभं असताना मला ते ओळखता आलं नाही, कारण खोटं मीच घडवलं होतं. मी व्हरांड्यात जाऊन पाणी प्यायले. डोळे पुसले ते कोणी बघू नये म्हणून तोंडही धुतलं.

त्या दिवसापासून मार्गिट मागच्या बाकावर बसली आणि फळ्याशी मी. तिचं म्हणणं साधं होतं, ती शेजारच्या सीटवर बसणारी बाई आहे, गाडी ज्याला येते त्यानं चालवावी. आधी पाच मिनिटं तिच्या हातात खडू देऊन ऑफिससाठी फोटो काढायचा, मग भागाकार. भाग म्हणजे काय हे पोरांना धानावरून कळलं. काठा म्हणजे इथलं धान मोजायचं माप, आणि वीस काठ्यांची एक खांडी हे घरी सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त ते गणित आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. फुलेश्वरी अशी पेटली की मधल्या सुट्टीतही पाठ सोडेना. मार्गिट तिच्या शेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि तिच्या वहीतून बघून स्वतःची उदाहरणं सोडवायची. अपूर्णांकात ती कच्ची होती. फुलेश्वरी तिच्या चुकांवर लाल पेन्सिलीनं फुल्या मारायची.

शेवटच्या आठवड्यात संचालक न सांगता आले. ते दारात थांबले. पाहुणी मागच्या बाकावर, पाचवीतली पोरगी तिची वही तपासून राहिलेली, आणि फळ्यावर माझा भागाकार. ते फार सभ्य माणूस, कधी आवाज चढवत नाहीत. मला बाहेर बोलावून म्हणाले, "दीदी, ये फोटो मैं किसको भेजूँ?"

मग त्यांनी सांगितलं की सोमवारी कॉलेजची सहा मुलं येणार आहेत, शाळेतले दोन तास पूर्वीसारखे इंग्रजीला पाहिजेत, आणि रविवारी जाऊन तयारी करून ठेवा. फुलेश्वरीच्या परीक्षेला तेव्हा तीन आठवडे उरले होते. मला तोंडावर नाही म्हणायचं होतं. मी म्हटलं, जी सर.

अहवाल तर मी दर वेळी आधीच टाइप करून ठेवायची. आल्यावर मुलांना इंग्रजी येत होतं का? अजिबात नाही. जाताना? उत्तम. खाली दोन सह्या, एक पाहुण्याची, एक माझी. मार्गिटनं तो वाचला आणि परत केला. सही करणार नाही म्हणाली. मी तिला समजावलं की कागदच आहे, कोणी वाचत नाही. ती म्हणाली, मग तूही करू नकोस. मी चिडले. तू विमानात बसून जाशील, मला इथं राहायचं आहे, असं बरंच काही बोलले, आणि तिच्यासमोर माझी सही ठोकली. त्या रात्री आम्ही दोघी एका टेबलावर जेवलो आणि कोणीच कोणाला तेलाचं काही बोललं नाही.

विमानतळावर ती रडली नाही. हातरुमाल मी घेऊन गेले होते, तो मलाच लागला. आत जाण्याआधी तिनं पर्समधून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. तिच्या जुन्या कामातला असतो तसा, हातानं रकाने आखलेला. मागचं बघते का, उत्तम. खूण देते का, चांगली. गाडीवर ताबा, उत्तम. थांबायला पाहिजे तिथं थांबते का, नाही. खाली मोठ्या अक्षरात, नापास. आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात, पुन्हा बसता येईल. मी म्हटलं, मैत्रिणीला असं कोणी देतं का? ती म्हणाली, "इतरांना मी कारण लिहून देत नसे."

तो शनिवार होता. रविवारी मी ठरल्याप्रमाणे गावात गेले. गुरुजींनी पोरांना व्हरांड्यात गोळा केलं. मला वाटलं होतं की रस्त्यात काही धीर येईल, काही ठरेल. काही ठरलं नव्हतं. मी उभी राहिले आणि नेहमीचं वाक्य सुरू केलं, उद्या नवे पाहुणे येणार आहेत. फुलेश्वरीनं हात वर केला. ह्या वेळी तिनं किती दिवस असं नाही विचारलं.

"मैडम, भाग घलो भुलाना हे का?"

भागाकारही विसरायचा का? पोरगी चेष्टा करत नव्हती. तिला खरंच विचारून घ्यायचं होतं, म्हणजे सांगाल तर तोही विसरते.  मी म्हटलं, "नाही. काहीच भुलायचं नाही. ह्यापुढं कधीच नाही."

सोमवारी त्या सहा कॉलेजच्या पोरांपैकी एकानं फळ्यावर लाल गोळा काढला आणि विचारलं, हा कोणता रंग? वर्गानं बारा रंग सांगितले, नावं, वयं, गुडघे, हत्ती, माकड, शेवटी पालसुद्धा. कॉलेजची पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. फुलेश्वरीनं त्यांना विचारलं की तुम्हाला अपूर्णांक येतात का? मंगळवारी संचालकांनी मला ऑफिसात बोलावून चहा पाजला आणि उद्यापासून विश्रांती घ्या म्हणून सांगितलं. माझ्या जागी आता एक हुशार मुलगा आहे. त्यानं शाळाच बदलली, नव्या गावातल्या पोरांना अजून रंग येत नाहीत म्हणे.

आणि परीक्षा? नाही लागला तिचा नंबर. परीक्षेपर्यंत मी रोज बसनं जाऊन शिकवलं, पण चौदा तुकड्यांत गेलेले तास मला पाच-सहा आठवड्यांत भरून काढता आले नाहीत. ह्यात संचालकांचा दोष आहे, गुरुजींचा आहे, पण ते तास दिले मी. यादी लागली तेव्हा मी मार्गिटला फोन केला आणि रडले. ती तिकडून इतकंच म्हणाली की नववीला पुन्हा परीक्षा असते का ते बघ.

असते. मी तिच्या बापाकडे गेले आणि ओसरीत ठाण मांडून बसले. तो वैतागून शेवटी म्हणाला, मैडम येत राहतील तोपर्यंत पोरगी शिकेल, मैडम बंद तर शाळा बंद. त्याला वाटलं असेल की ही रायपूरची बाई दोन महिन्यांत कंटाळेल. मी अजून जाते, आठवड्यातून तीन दिवस, अभनपूरच्या बसनं. तिच्या पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, सामाजिक भवनाच्या ओसरीत फुलेश्वरी आणि आणखी चार-पाच जणी बसतात. फुलेश्वरी आता सातवीत आहे. फोटो कोणी काढत नाही. मार्गिट ह्या हिवाळ्यात येणार आहे, कोणत्या संस्थेतर्फे नाही, माझ्या घरी. मागच्या ओळीत बसणार म्हणते, तिचे अपूर्णांक अजून कच्चे आहेत.

तो कागद मी हजेरीच्या वहीत ठेवला आहे. मागच्या आठवड्यात फुलेश्वरीच्या हाती लागला. तिनं तो सगळा, ओळ न् ओळ, मोठ्यानं इंग्रजीत वाचला. चौदा तुकड्यांचं इंग्रजी, अडखळली नाही. मग माझ्याकडे बघून विचारलं, "मैडम, तुमन फेल होगे रहेव?"

"हव," मी म्हटलं.

"त फेर?"

"फेर बइठे हंव." पुन्हा बसले आहे.

तिनं मान डोलावली, कागद घडी करून वहीत ठेवला आणि अपूर्णांकांचं पान उघडलं.